गाव करी ते राव न करी : अमेरिकेतील यादवी युद्ध आणि स्थानिक स्वायत्ततेचा प्रश्न

राज्यशास्त्राच्या वर्गात संघराज्य हे प्रकरण शिकवताना एक वाक्य फळ्यावर लिहिण्याची प्रथा आहे : सत्ता जितकी खाली जाईल तितकी लोकशाही अधिक खरी. मला माझ्या प्राध्यापकांनी ते लिहून दिले आणि मीही ते तालुक्याच्या महाविद्यालयात वर्षानुवर्षे लिहून देत आलो. मुले उतरवून घेतात आणि परीक्षेत लिहितात. मागे एकदा शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, खाली म्हणजे कुठपर्यंत? पाटलाच्या वाड्यापर्यंत, का आमच्या वस्तीपर्यंत?" वर्ग हसला. मला हसू आले नाही. तिचा प्रश्न माझ्या पाठ्यपुस्तकात नव्हता. माझ्या आयुष्यात मात्र तो होता.

मी चौथीत असताना आमच्या वस्तीने चौदा एप्रिलची मिरवणूक वेशीतून नेली. दुसऱ्या दिवशी गावाने आमच्यावर बहिष्कार घातला. पिठाची गिरणी बंद, दुकान बंद, शेतावरचे काम बंद. वडील पोत्यात ज्वारी घालून सायकलवरून शेजारच्या गावच्या गिरणीवर जात. तालुक्याहून साहेबांची जीप आली की गिरणीचा पट्टा फिरू लागे. जीप वळणाआड गेली की थांबे. मोठ्या माणसांच्या बोलण्यातले एक वाक्य मला अजून आठवते : "गावानं एकमतानं ठरवलंय." आम्हीही त्याच गावात राहत होतो. मग हे एकमत कोणाचे होते?

'गाव करी ते राव न करी' अशी म्हण आहे. गावाच्या एकजुटीचा गौरव म्हणून ती सांगितली जाते. आमच्या वस्तीने तिचा दुसरा अर्थ भोगला आहे. राजा जे करू धजणार नाही ते गाव करू शकते, आणि गावाने केलेले राजाही निस्तरू शकत नाही.

केंद्राची सत्ता की स्थानिक स्वायत्तता, हा वाद नुसता पुस्तकी नाही. एका देशात तो तलवारीने आणि तोफांनी लढला गेला. १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकेच्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली. त्या युद्धाचा आपल्याशी संबंध दूरचा नाही. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. म्हणून त्या युद्धात, आणि विशेषतः त्यानंतर, काय घडले हे आपण आपल्या डोळ्यांनी वाचले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा उद्देश तेवढाच आहे.

१

अमेरिकेच्या दक्षिणेतील राज्ये संघराज्यातून फुटली ती राज्यांच्या हक्कांसाठी, असे पुष्कळ वर्षे सांगितले गेले आणि आजही सांगितले जाते. या सांगण्याला वरवरचा आधारही आहे. १७८७ च्या राज्यघटनेने केंद्राला मोजके अधिकार दिले. १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीने उरलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतील असे स्पष्ट केले. गुलामगिरी ठेवायची की नाही, हा प्रश्न ज्या त्या राज्याचा मानला गेला. मग केंद्राने त्यात हात का घालावा, असा हा युक्तिवाद आहे.

हा युक्तिवाद तपासण्याची सोपी रीत अशी : ज्यांनी तो केला त्यांनी तो स्वतःच्या सोयीविरुद्ध कधी पाळला का, हे पाहावे.

१८५० साली अमेरिकेच्या केंद्रीय विधिमंडळाने पळालेल्या गुलामांविषयीचा कायदा केला. तो दक्षिणेच्या आग्रहाने झाला. कायदा असा होता की, दक्षिणेतून पळून उत्तरेच्या स्वतंत्र राज्यात पोचलेल्या माणसाला पकडून मालकाच्या हवाली करायचे. त्यासाठी केंद्राने अधिकारी नेमले. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याचा हक्क नव्हता. ज्यूरीपुढे खटला नव्हता. अधिकाऱ्याने त्याला गुलाम ठरवून परत पाठवले तर अधिकाऱ्याला दहा डॉलर फी मिळे, मोकळे सोडले तर पाच. साध्या नागरिकालाही या धरपकडीत मदत करायला भाग पाडता येत असे.

उत्तरेतल्या अनेक राज्यांनी हा कायदा मानायचे नाकारले. आपल्या तुरुंगात पळालेल्या गुलामांना ठेवायचे नाही, आपल्या अधिकाऱ्यांनी धरपकडीत भाग घ्यायचा नाही, असे कायदे त्यांनी केले. १८५४ साली विस्कॉन्सिन राज्यात जोशुआ ग्लोव्हर नावाच्या पळालेल्या गुलामाला पकडून मिलवॉकीच्या तुरुंगात ठेवले. लोकांनी तुरुंग फोडून त्याला सोडवले. त्या प्रकरणात शेरमन बूथ या संपादकावर केंद्राने खटला भरला, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा हा कायदाच घटनाबाह्य ठरवला. राज्यांच्या हक्कांचे याहून शुद्ध उदाहरण कोणते? पण दक्षिणेने त्याचे स्वागत केले नाही. १८५९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि राज्याला केंद्राच्या कामात आडवे येता येणार नाही असे बजावले. दक्षिणेला ते हवेच होते.

म्हणजे युद्धापूर्वीच्या दहा वर्षांत केंद्राची काठी दक्षिणेच्या हातात होती आणि राज्यांच्या हक्कांची ढाल उत्तरेच्या. दोन्ही बाजूंनी ज्या प्रश्नावर भूमिका घेतल्या तो प्रश्न एकच होता : काळा माणूस हा माणूस आहे की मालमत्ता?

२० डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलिना राज्याने संघराज्यातून फुटण्याचा ठराव केला. चार दिवसांनी फुटण्याची कारणे सांगणारा जाहीरनामा काढला. तो मुळातून वाचण्यासारखा आहे. केंद्र फार बलवान झाले, एवढीच त्यात तक्रार नाही. उत्तरेची राज्ये पळालेले गुलाम परत करीत नाहीत, गुलामांना बरोबर घेऊन आपल्या हद्दीतून जाऊ देत नाहीत, काही राज्ये तर काळ्या माणसांना नागरिकत्व देतात, अशी तक्रार आहे. दुसऱ्या राज्यांनी आपापल्या हद्दीत स्वायत्तता वापरली, हाच गुन्हा! पुढे मार्च १८६१ मध्ये या फुटलेल्या राज्यांनी स्वतःची घटना केली. गुलामांवरील मालकी हक्काला बाध आणणारा कायदा त्यांच्या मध्यवर्ती विधिमंडळाला करता येणार नाही, आणि मालकाला आपले गुलाम घेऊन कोणत्याही राज्यात जाण्यायेण्याचा हक्क राहील, हे त्या घटनेतच लिहिले होते. त्याच महिन्यात त्यांचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हाच आपल्या नव्या राज्याचा कोनशिला-दगड आहे, असे भर सभेत सांगितले.

आणखी एक आकडा ध्यानात घेतला पाहिजे. १८६० च्या जनगणनेत दक्षिण कॅरोलिनाची लोकसंख्या सुमारे ७ लाख ३ हजार होती. त्यांपैकी ४ लाख २ हजारांहून अधिक माणसे गुलाम होती. म्हणजे शंभरात सत्तावन्न. फुटण्याचा ठराव एकशे एकोणसत्तर विरुद्ध शून्य अशा मतांनी झाला. एकमताने! ज्या राज्यात बहुसंख्य माणसे गुलाम होती त्या राज्याने गुलामगिरी टिकविण्यासाठी एकमताने ठराव केला. केंद्रीय विधिमंडळातल्या जागा ठरवताना पाच गुलामांची तीन माणसे धरली जात. ती मोजणीत होती, मतदानात नव्हती. हा आकडा प्रथम वाचला तेव्हा मला आमच्या गावाचे एकमत आठवले.

२

मग केंद्र गुलामांचा तारणहार होते का? तसे समजणे भाबडेपणाचे होईल. मार्च १८६१ मध्ये अध्यक्षपदाची सूत्रे घेताना अब्राहम लिंकन यांनी, ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तेथे तिला हात लावण्याचा आपला हेतू नाही, असे जाहीरपणे सांगितले होते. केंद्र प्रथम लढले ते संघराज्य टिकविण्यासाठी.

युद्धाचा अर्थ बदलला तो गुलामांनी. केंद्राचे सैन्य जवळ आले की मळे सोडून ते छावण्यांकडे चालू लागले. बायकामुलांसह, गाठोडी घेऊन, हजारोंच्या संख्येने. त्यांना परत पाठवायचे की ठेवायचे, हा प्रश्न सेनापतींपुढे त्यांनीच उभा केला. १ जानेवारी १८६३ ला बंडखोर प्रदेशातील गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघाला आणि काळ्या माणसांना सैन्यात घेणे सुरू झाले. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक केंद्राच्या सैन्यात लढले. त्यानंतर घटनेत तीन दुरुस्त्या झाल्या. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली, १८६८ च्या चौदाव्याने नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले, १८७० च्या पंधराव्याने वंशाच्या कारणावरून मताचा हक्क नाकारण्यास बंदी केली.

पण या तीन दुरुस्त्यांच्या मधल्या काळात स्थानिक राज्यांनी काय केले ते पाहा. १८६५ च्या अखेरीस मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या माणसांसाठी वेगळे कायदे केले. दर जानेवारीत प्रत्येकाने आपल्याला काम असल्याचा लेखी पुरावा दाखवायचा. वर्ष पुरे होण्याआधी काम सोडले तर केलेल्या कामाचीही मजुरी बुडाली, शिवाय त्याला पकडून मालकाकडे आणायचे. शहराबाहेर जमीन खंडाने घेण्याचीही त्याला बंदी. आपल्याकडे ज्याच्या घरात सालगडी होता त्याला हे कायदे समजावून सांगावे लागणार नाहीत. गुलामगिरी हा शब्द गेला, सालदारी आली.

जमिनीचेही तसेच झाले. जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शेरमन यांच्या हुकमाने किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात सुमारे ४० हजार मुक्त माणसांना जमिनीचे तुकडे कसायला मिळाले होते. लिंकन यांच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी त्या जमिनी जुन्या मालकांना परत देवविल्या. हे काम कोणा स्थानिक सत्तेने केले नाही, वॉशिंग्टनने केले. माझ्या मते पुढच्या शंभर वर्षांच्या दुर्दशेचे मूळ येथे आहे. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्या मताला किंमत राहत नाही.

१८६७ पासून मात्र केंद्राने लष्करी देखरेखीखाली दक्षिणेत नव्या निवडणुका घडवून आणल्या. हा काळ 'पुनर्रचना' म्हणून ओळखला जातो. या दहा वर्षांत काळे मतदार झाले, पंच झाले, न्यायाधीश झाले, शेरीफ झाले. दक्षिण कॅरोलिनाच्या विधानसभेत काळ्या सदस्यांचे बहुमत झाले. १८७० साली मिसिसिपीतून हायरम रेव्हेल्स हा पहिला काळा सिनेटर वॉशिंग्टनला गेला. दक्षिणेत सार्वजनिक शाळांची व्यवस्था उभी राहिली ती प्रामुख्याने याच सरकारांनी उभी केली, आणि तिचा लाभ गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही झाला. येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. हीसुद्धा स्थानिक सत्ताच होती. माणसे त्याच जिल्ह्यातली, त्याच गावातली होती. फरक एवढाच की, 'स्थानिक' या शब्दात प्रथमच सगळे स्थानिक आले होते.

३

हे सहन झाले नाही. १८७२ च्या निवडणुकीनंतर लुइझियाना राज्यात निकालावरून वाद पेटला. कोल्फॅक्स या गावी काळ्या माणसांनी आपण निवडून दिलेल्या अधिकाऱ्यांच्या बाजूने कचेरीवर पहारा बसविला. १३ एप्रिल १८७३ ला, ईस्टरच्या रविवारी, सशस्त्र गोऱ्यांनी तोफ आणून कचेरीवर हल्ला केला आणि तिला आग लावली. निदान साठ आणि बहुधा त्याहून बरेच अधिक काळे मारले गेले; त्यांतले कित्येक शरण आल्यावर. जोतीरावांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली तेच हे वर्ष. पुण्यात बसून ते ज्या मुक्तीला नमस्कार करीत होते, तिचा गळा त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी कोल्फॅक्समध्ये आवळला जात होता.

केंद्राने खटले भरले. तिघे दोषी ठरले. १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही सोडून दिले. न्यायालयाचे म्हणणे असे की, चौदावी दुरुस्ती राज्यांना बंधन घालते, खासगी माणसांना नाही. एका नागरिकाने दुसऱ्याला मारले तर ते राज्याने पाहावे. आणि राज्य कोणाच्या हातात? ज्यांनी मारले त्यांच्या. पुढे त्या गावी एक सरकारी फलक उभारला गेला. दक्षिणेतील कुशासनाचा शेवट येथे झाला, असे त्यावर अभिमानाने लिहिले होते. तो फलक २०२१ साली काढला गेला.

१८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल वादात अडकला. तडजोड झाली, हेज अध्यक्ष झाले आणि १८७७ साली दक्षिणेतल्या उरल्यासुरल्या काळ्या-गोऱ्यांच्या सरकारांच्या पाठीशी असलेले केंद्राचे सैनिक छावणीत परतले. दक्षिणेतल्या गोऱ्या पुढाऱ्यांनी याला काय नाव दिले? 'होमरूल'. आपल्या कानाला हा शब्द स्वातंत्र्याचा वाटतो. तिथल्या काळ्या माणसाच्या कानाला तो कसा वाटला असेल? जीप वळणाआड गेली होती.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. केंद्राने १८७५ साली खानावळी, वाहने, नाटकगृहे यांत भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा केला होता. १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कारण तेच, खासगी माणसाचा भेदभाव हा केंद्राचा विषय नाही. १८९० साली मिसिसिपीने नवी घटना करून मतदानासाठी डोईपट्टी आणि घटनेचा उतारा वाचून दाखविण्याची किंवा समजावून सांगण्याची अट घातली. समजले की नाही हे ठरविणारा कारकून गोरा. लुइझियानात १८९६ साली १ लाख ३० हजार काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ साली सुमारे तेराशे उरले. आठ वर्षांत! यासाठी कोणतेही युद्ध झाले नाही. सगळे कायदेशीर ठराव होते, आणि सगळे स्थानिक होते. १८९६ च्या प्लेसी खटल्यात रेल्वेचे वेगळे डबे घटनेला धरून आहेत असे न्यायालयाने ठरविले. न्यायमूर्ती हार्लन या एकट्यांनी विरोधी मत दिले, आणि आपल्या देशात जात नाही असे लिहिताना त्यांनी जात याच अर्थाचा शब्द वापरला. त्यांना तो शब्द सुचला, यात आपल्याला नवल वाटू नये.

४

१९१३ साली बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. त्याच वर्षी अध्यक्ष झालेल्या वुड्रो विल्सन यांच्या कारकिर्दीत वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतही काळ्या-गोऱ्या कारकुनांना वेगळे बसविणे सुरू झाले. अमेरिकेतल्या काळ्यांचा इतिहास बाबासाहेबांच्या अभ्यासातून कधी सुटला नाही. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले, आणि त्यांचे उत्तरही आले.

या अभ्यासाचे फळ १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या त्यांच्या निवेदनात दिसते. त्यातल्या भेदभावविरोधी कलमांबद्दल त्यांनी स्वतःच नोंदविले आहे की, ती अमेरिकेने काळ्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या १८६६ आणि १८७५ च्या कायद्यांवरून, फेरफार करून, घेतली आहेत. १८७५ चा कायदा म्हणजे १८८३ साली न्यायालयाने मारून टाकलेला तोच कायदा. तिकडे मोडून पडलेले हत्यार बाबासाहेबांनी उचलले आणि ते कोठे मोडले ते पाहिले.

आता आपली घटना उघडून पाहावी. कलम १५ चा दुसरा भाग दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, घाट, रस्ते यांविषयी बोलतो, आणि तो केवळ राज्याला उद्देशून नाही. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते; ती पाळणारा सरकारी अधिकारी आहे की गिरणीवाला, असा भेद करीत नाही. कोल्फॅक्सच्या मारेकऱ्यांना जी पळवाट सापडली ती येथे बुजविली आहे. आणि कलम ३५, ज्याकडे आपल्या कार्यकर्त्यांचेही सहसा लक्ष जात नाही, असे सांगते की, या भागातील गुन्ह्यांना शिक्षा ठरविण्याचा अधिकार संसदेला राहील, राज्यांच्या विधिमंडळांना नाही. १९५५ चा अस्पृश्यतेचा कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा संसदेने केले, ते या चौकटीत. अमेरिकेला रक्त सांडून जो धडा मिळाला, आणि मिळूनही ती विसरली, तो आपल्या घटनेत तीन कलमांत आला आहे.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्यांवर कठोर टीका केली. खेडे म्हणजे संकुचितपणाचे डबके आणि अज्ञान व जातीयतेची गुहा, असा त्या टीकेचा आशय होता. घटकमान त्यांनी व्यक्ती हे मानले, गाव नाही. त्या भाषणावरून अनेकांनी त्यांना खेडेद्वेष्टे ठरविले. मला वाटते, ज्याने दक्षिण कॅरोलिनाचे एकमत आणि आपल्या गावाचे एकमत दोन्ही पाहिले आहे त्याला त्या भाषणात द्वेष दिसणार नाही. अनुभव दिसेल.

५

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग सगळी सत्ता दिल्लीला द्या म्हणजे झाले. तो निष्कर्ष चुकीचा आहे. १८५० चा कायदा केंद्राचाच होता. काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही असे १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सांगणारे न्यायालय केंद्राचेच होते. जमिनी परत घेणारा अध्यक्ष केंद्राचाच. केंद्र आपले नातलग नाही. आपण रेटले तर ते हलते, आपण थांबलो तर सौदा करते.

रेटल्यावर ते कसे हलते, हे १९५० नंतर दिसले. १९५७ साली आर्कन्सा राज्यातील लिटल रॉक येथे नऊ काळ्या मुलांना शाळेत जाऊ देऊ नये म्हणून राज्यपाल फॉबस यांनी राज्याचे नॅशनल गार्ड शाळेच्या दारात उभे केले. अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हजारावर सैनिक धाडावे लागले. ऐंशी वर्षांनी जीप परत आली. नऊ मुलांच्या दप्तरांसाठी! राज्यपालांनी पुढच्या वर्षी शहरातली हायस्कुलेच बंद ठेवली. गावाची गिरणी आणि लिटल रॉकची शाळा, तर्क एकच.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्याने याहून मूलगामी गोष्ट केली. ज्या भागांत काळ्यांचे मत दाबल्याचा इतिहास होता तेथे मतदानाचा कोणताही नियम बदलण्याआधी वॉशिंग्टनची परवानगी घेणे सक्तीचे झाले. मिसिसिपीत काळ्यांपैकी शेकडा सात जणही मतदार नव्हते. १९६७ पर्यंत शेकडा साठाच्या घरात पोचले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने, सर्व राज्यांचा दर्जा समान आहे असे कारण देऊन, ही परवानगी कोणाला लागू हे ठरविणारे सूत्रच रद्द केले. त्याच दिवशी टेक्सास राज्याने मतदाराच्या ओळखपत्राचा आपला अडलेला कडक कायदा अमलात आणण्याचे जाहीर केले. पहारा उठला की काय होते, याला १८७७ ची साक्ष काढण्याची आता गरज नाही.

पण या कथेचा सर्वांत शिकण्यासारखा भाग मला अलाबामा राज्यातल्या लाउंडेस या जिल्ह्यात दिसतो. तेथे शंभरात ऐंशी माणसे काळी होती आणि १९६५ च्या आरंभी मतदारयादीत त्यांतला एकही नव्हता. त्या वर्षी केंद्राचे नोंदणी अधिकारी आले. नावे नोंदविणाऱ्या कुळांना मळेवाल्यांनी घराबाहेर काढले. ती माणसे तंबूंत राहिली, पण यादीतून नाव काढायला गेली नाहीत. मग त्यांनी दोनपैकी कोणत्याही मोठ्या पक्षाकडे न जाता जिल्ह्यापुरता स्वतःचा पक्ष काढला. अक्षरओळख कमी म्हणून तेथे मतपत्रिकेवर पक्षाचे चित्र लागे, आपल्याकडच्या निवडणूक चिन्हासारखे. प्रस्थापित पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा होते. या लोकांनी काळा चित्ता घेतला. १९६६ च्या निवडणुकीत ते हरले. पण १९७० साली त्यांच्यातलेच जॉन ह्यूलेट तेथे शेरीफ झाले. शेरीफ म्हणजे निवडून येणारा फौजदार. जो आजवर त्यांना पकडायला येत असे.

तोच चित्ता १९६६ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्षाने घेतला, आणि त्या नावाने १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पँथर म्हटले की आपल्याला रस्त्यावरची डरकाळी आठवते, आणि ते योग्यच आहे. पण हे जनावर मुळात एका जिल्ह्याच्या मतपत्रिकेवर जन्मले, हे विसरू नये. स्थानिक सत्ता घेण्यासाठी ते जन्मले.

म्हणून दलितांनी स्थानिक स्वायत्ततेला विरोध करावा असे मी म्हणत नाही. तिला हो म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारावेत असे म्हणतो. पहिला, या 'स्थानिका'त आपण मोजले जातो की मतही देतो, आणि मत देऊन दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकतो का? दुसरा, स्थानिक सत्तेने अन्याय केला तर दाद लावायला तिच्या वरचे, तिच्या नात्यागोत्यात नसलेले दार आहे का? आणि तिसरा, त्या वरच्या दाराची किल्ली पुढाऱ्यांच्या तडजोडीत दुसऱ्याला दिली जाण्यापासून राखण्याइतकी आपली संघटना आहे का? १८७७ साली काळ्यांपाशी पहिल्याचे उत्तर अर्धे होते, दुसऱ्याचे कागदावर होते आणि तिसऱ्यासाठी लागणारी जमीन त्यांच्याकडून आधीच काढून घेतली होती.

आपल्याकडे १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखून दिल्या. हमी वरची, सत्ता खालची, हा त्यातला मेळ योग्य दिशेचा आहे. पण कायदा दिल्लीचा असला तरी फिर्याद लिहून घेणारा हात तालुक्याचाच असतो, आणि राखीव जागेवरच्या सरपंचाची खुर्ची कोठे मांडायची हे पुष्कळदा वाडाच ठरवतो. अपुरे राहिलेले काम ते हे.

त्या मुलीला मी त्या दिवशी तास संपल्याचे निमित्त करून उत्तर दिले नाही. पुढच्या आठवड्यात फळ्यावरचे वाक्य मी बदलले. सत्ता जितकी खाली जाईल तितकी लोकशाही खरी, पण खाली म्हणजे शेवटच्या घरापर्यंत. आणि ती तेथे पोचली की नाही याचा दाखला शेवटच्या घरानेच द्यायचा. मुलांनी तेही उतरवून घेतले. परीक्षेत त्याला गुण मिळतील की नाही, हे तपासणाऱ्यावर अवलंबून आहे. पण गाव आता त्या वस्तीलाही आपले म्हणून मोजू लागले, तर 'गाव करी ते राव न करी' ही म्हण मीसुद्धा गौरवाने सांगेन.